घर सांभाळून फोटोग्राफीचा व्यवसाय : पहिली ऑर्डर घेण्याआधी काय काय ठरवायचं

हातात बऱ्यापैकी कॅमेरा आहे. नात्यातल्या बारशा-साखरपुड्यांचे फोटो काढून हात बसलाय. आणि आता कुणीतरी विचारलंय, "आमच्या मुलीच्या लग्नाचं काय घ्याल?" घरात शाळेत जाणारी मुलं आहेत, सासू-सासरे किंवा आई-वडील आहेत, जोडीदाराची नोकरी आहे. तुम्ही या टप्प्यावर असाल तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

मी सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहून हेच काम करते. लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं, बारशी, आणि मधल्या काळात दुकानदारांच्या मालाचे फोटो. कॅमेरा शिकवणारे व्हिडिओ मराठीत भरपूर आहेत, म्हणून त्यातलं इथे फारसं सांगत नाही. मी जवळून पाहिलंय ते असं, की या धंद्यात घराची घडी विस्कटते ती दोन गोष्टींनी: घरी न विचारता दिलेली तारीख आणि कधीच न मोजलेले एडिटिंगचे तास. पुढच्या बहुतेक पायऱ्या या दोन गोष्टींभोवतीच आहेत.

१. आधी वर्षाचं कॅलेंडर मांडा

दर ठरवण्याच्या आधी, सोशल मीडियावर पान उघडण्याच्याही आधी हे करा. भिंतीवर लावायचं मोठं कॅलेंडर घ्या, तिथी आणि मुहूर्त छापलेलं.

आपला हंगाम पंचांगावर चालतो. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते. पौषात बरेच जण लग्न करत नाहीत, म्हणून तेव्हा काम मंदावतं. पुन्हा माघ-फाल्गुनापासून जोर धरतो आणि वैशाख-ज्येष्ठात, म्हणजे एप्रिलअखेर ते जूनपर्यंत, अक्षरशः श्वास घ्यायला फुरसत नसते. आषाढी एकादशीला चातुर्मास बसला की मुहूर्त संपले. काढीव मुहूर्तावर तुरळक लग्नं होतात तेवढीच. गुरू-शुक्राचा अस्त असेल तर भर हंगामातही काही आठवडे मोकळे जातात. अधिक महिन्यात लग्नं थांबतात. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे मे महिन्याचा उत्तरार्ध एरवीसारखा भरणार नाही. हे आधी माहीत असेल तर त्या वर्षीची कमाई फेब्रुवारी ते मेच्या मध्यापर्यंत करायची हे तुम्ही आत्ताच ठरवू शकता. आणि मुलांना मे महिन्यात गावाला नेता येईल, जे या व्यवसायातल्या घरांत फार वर्षांनी घडतं.

आता हेच कॅलेंडर घराच्या नजरेने बघा. शाळेची स्नेहसंमेलनं डिसेंबर-जानेवारीत. दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. मुलांची सुट्टी मे महिन्यात, नेमकी लग्नं उतू जात असताना. शाळा सुरू होते जूनच्या मध्याला, वह्या-गणवेशांची धावपळ आणि हंगामातली शेवटची लग्नं एकाच वेळी. म्हणजे आपलं काम आणि मुलांच्या गरजा एकमेकांवर आदळतात त्या वर्षाच्या ठरलेल्या काळात. दरवर्षी त्याच. त्यामुळे त्यावर आधीच तोडगा काढता येतो.

कॅलेंडर भरताना क्रम असा ठेवा:

- पहिल्यांदा घरच्या तारखा लाल पेनाने. मुलांचे वाढदिवस, स्नेहसंमेलन (तारीख कळली नसेल तर शाळेत फोन करून अंदाज घ्या), बोर्डाची परीक्षा असेल तर तो पूर्ण काळ, घरातली वर्षश्राद्धं, कुलदैवताला जाण्याचा दिवस, गौरी-गणपती.
- मग पंचांगातले मुहूर्त निळ्या पेनाने.
- लाल आणि निळं एकाच चौकोनात आलं, तर त्या दिवशी ऑर्डर घ्यायची की नाही हे घरातल्या सगळ्यांनी बसून आत्ताच ठरवा. गिऱ्हाईक फोनवर असताना हा निर्णय कधीच नीट होत नाही.
- शेवटी, प्रत्येक लग्नानंतरचे किमान दोन दिवस 'एडिटिंग' म्हणून पेन्सिलने अडवा.

भिंतीवरच्या या कॅलेंडरची नक्कल फोनमध्ये जोडीदारासोबत शेअर केलेल्या कॅलेंडरवर ठेवा. आणि एक नियम कडकपणे पाळा: कितीही ओळखीचं गिऱ्हाईक असो, फोनवर तारीख द्यायची नाही. "संध्याकाळपर्यंत कळवते" एवढंच म्हणायचं. चांगलं गिऱ्हाईक चार तासांत पळून जात नाही.

२. कोणतं काम घ्यायचं ते निवडा

'सगळं करतो' असं पाटीवर लिहिणं सोपं असतं, पण प्रत्येक कामाची घराकडून मागणी वेगळी असते.

लग्नात पैसा सगळ्यात जास्त, पण पहाटे पाचला घर सोडून रात्री बाराला परत यायचं. शिवाय आदल्या दिवशी हळद. पदरात लहान मूल असेल तर पहिली एक-दोन वर्षं लग्नाची पूर्ण ऑर्डर घेण्याऐवजी दुसऱ्या फोटोग्राफरकडे सेकंड शूटर, म्हणजे त्याच्या जोडीला फोटो काढणारा मदतनीस, म्हणून जा. दिवसाचे पैसे मिळतात, कार्ड त्यांच्या हातात दिलं की तुमचं काम संपतं, एडिटिंग मागे लागत नाही. लग्नाचा क्रम अंगवळणी पडायलाही याहून चांगली शाळा नाही.

डोहाळजेवण आणि बारसं ही तीन-चार तासांची कामं. बहुधा दुपारी किंवा संध्याकाळी, गावातल्या गावात. लहान मुलं असलेल्या फोटोग्राफरने मी तर म्हणेन इथूनच सुरुवात करावी. आणि आज ज्यांचं डोहाळजेवण केलंत, त्यांचंच बारसं, पहिला वाढदिवस आणि पुढे मुंजही तुमच्याकडे येते.

नवजात बाळाचे फोटो हल्ली तालुक्याच्या गावीही मागतात. ते पहिल्या दोन आठवड्यांत काढले तर बाळ गाढ झोपतं आणि अंग दुमडून घेतं. इथे एक इशारा मनापासून देते. इंटरनेटवर दिसणारा, बाळ स्वतःच्या दोन्ही हातांवर हनुवटी टेकून बसलेला फोटो खरा एकच फोटो नसतो. मोठ्या माणसाने आधी डोकं धरून आणि मग हात धरून काढलेले दोन फोटो नंतर जोडलेले असतात. ती पोज एका फोटोत करायला जाऊ नका. बाळाजवळ सतत एका मोठ्या माणसाचा हात हवा, खोली उबदार हवी, आणि बाळंतिणीला पाजायला उठायचं असेल तर आपण थांबायचं. तासांवर दर लावून ही कामं घेऊ नका, घाई होते.

दुकानांच्या मालाचे फोटो हे घर सांभाळणाऱ्यांसाठी सगळ्यात सोयीचं काम आहे. साड्या, मसाले, गूळ, कृत्रिम दागिने. माल घरी येतो, खिडकीच्या उजेडात किंवा दोन लाइटांत काम होतं, मुलं शाळेत असताना उरकतं. पैसे कमी असतात पण चातुर्मासात घर चालतं ते यावर.

३. सामान : काय विकत, काय भाड्याने

- दोन मेमरी कार्डं एकाच वेळी चालणारी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा). लग्नाचं काम घेणार असाल तर यावर तडजोड नको. दोन्ही कार्डांवर एकच फोटो लिहिला जाईल अशी सेटिंग ठेवा.
- एक २४-७० झूम आणि एक ८५ किंवा ५० मिमीची प्राइम (झूम न होणारी) लेन्स. एवढ्यावर लग्न निघतं.
- दोन फ्लॅश, चार बॅटऱ्या, चार्जर दोन.
- १२८ जीबीची किमान चार कार्डं. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातली रॉ फाइल (एडिटिंगसाठीची मूळ, मोठी फाइल) साधारण २५ ते ३० एमबीची असते. तीन हजार फोटो म्हणजे सुमारे ८५ जीबी, आणि दोन कार्डांवर मिळून त्याच्या दुप्पट.
- दोन हार्ड डिस्क. एक कामाची, एक फक्त प्रतींसाठी.

दुसरी बॉडी, ७०-२०० लेन्स आणि मोठे लाइट सुरुवातीला भाड्याने आणा. हंगामात मागणी असते, म्हणून तारीख ठरली की त्याच दिवशी भाड्याचंही बुकिंग करा. ड्रोन विकत घेण्याचा मोह टाळा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यवसायासाठी उडवायला प्रमाणित पायलट लागतो. लग्नाला ड्रोन हवाच असेल तर प्रमाणपत्र असलेला माणूस बोलवा, त्याचे पैसे वेगळे लावा, आणि प्रमाणपत्राची प्रत मागून घ्या.

कर्ज काढणार असाल तर मुद्रा योजनेत तारणाशिवाय कर्ज मिळतं : 'शिशु' गटात ५० हजारांपर्यंत, 'किशोर' गटात ५ लाखांपर्यंत. मात्र हप्ता ठरवताना वर्षाचे बारा महिने सारखे धरू नका. जुलै ते ऑक्टोबर हप्ता कुठून जाईल, याचं उत्तर असेल तेवढंच कर्ज घ्या.

४. कागदपत्रं

लागणारे कागद असे:

- आधार (मोबाइल जोडलेला) आणि पॅन
- जागेचा पुरावा: वीजबिल, घरपट्टीची पावती किंवा भाडेकरार. घर सासऱ्यांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतिपत्र
- पासपोर्ट आकाराचा फोटो, सही
- कॅमेरा-लेन्सची बिलं आणि सीरियल नंबर यांची फाइल (विम्यासाठीही लागते)

पहिल्यांदा उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यवसाय म्हणून सरकारकडे नोंद, करा. ती सरकारी पोर्टलवर, आधार आणि पॅनवर, एका बैठकीत होते आणि पूर्ण मोफत आहे. इथे बरेच जण फसतात. गूगलवर शोधलं की सरकारी वाटाव्यात अशा खासगी साइट वर येतात आणि हजार-दोन हजार रुपये मागतात. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का ते पाहा. पैसे मागितले की ती साइट बंद करा.

दुसरं म्हणजे शॉप ॲक्ट, ज्याला अजूनही गुमास्ता म्हणतात. २०१७च्या महाराष्ट्राच्या कायद्यानुसार एकट्याने किंवा एक-दोन मदतनिसांसह काम करणाऱ्याला परवाना काढावा लागत नाही, ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते. उद्यम प्रमाणपत्र आणि ही पावती दाखवली की बँकेत व्यवसायाच्या नावाने चालू खातं उघडता येतं. ते उघडाच. घरखर्चाच्या खात्यात ऑर्डरचे पैसे आले की ॲडव्हान्स किराणा-फीमध्ये विरघळतो आणि अल्बम छापायच्या वेळी हात रिकामे राहतात.

जीएसटी नोंदणी सेवा व्यवसायाला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की बंधनकारक होते. त्याच्या खाली असाल आणि नोंदणी केलेली नसेल तर बिलावर जीएसटी लावायचा नाही. कंपन्या आणि संस्था तुमचे पैसे देताना टीडीएस, म्हणजे प्राप्तिकराची आगाऊ कपात, करू शकतात. तो परत मिळवायचा तर प्राप्तिकराचं रिटर्न भरावं लागतं, म्हणून पहिल्याच वर्षी गावातल्या एखाद्या सीएला किंवा कर सल्लागाराला गाठा.

५. दर कसा काढायचा

शेजारच्या स्टुडिओचा दर विचारून त्यातून दोन हजार कमी करणं म्हणजे दर काढणं नव्हे. तास मोजा. एक उदाहरण मांडते, आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदला.

एका लग्नाचे तास: प्रत्यक्ष शूट १०, प्रवास ३, भेटी आणि फोन ४, फोटो निवडणं ४, एडिटिंग १६, अल्बमचं डिझाइन आणि दुरुस्त्या ८. एकूण ४५ तास.

खर्च: सेकंड शूटर ६,०००, अल्बम ९,०००, प्रवास १,५००, हार्ड डिस्क आणि किरकोळ ५००. शिवाय सामानाची झीज: तीन लाखांचं सामान चार वर्षं चालेल असं धरलं तर वर्षाला ७५,०००, वर्षाला २५ कामं धरली तर एका कामामागे ३,०००. एकूण २०,०००.

आता हे लग्न तुम्ही २५,००० ला घेतलंत तर हातात राहतात ५,०००, म्हणजे तासाला १११ रुपये. ३५,००० ला घेतलंत तर १५,०००, म्हणजे तासाला ३३३. वरवर पाहता दर दहा हजारांनीच वाढला, पण तुमची मिळकत तिप्पट झाली. म्हणूनच "तेवढे पाच हजार कमी करा हो" हे वाक्य ऐकताना लक्षात ठेवा, की ते पाच हजार दरातून नाही, तुमच्या घरी जाणाऱ्या पंधरा हजारांतून जातात.

मुलांना शेजारी ठेवलंत, पाळणाघराचे पैसे दिलेत, त्या दिवशी बाहेरून जेवण मागवलंत, तर तोही कामाचा खर्च आहे. खर्चाच्या यादीत त्याला ओळ द्या. जोडीदार किंवा दीर सेकंड शूटर म्हणून येत असेल तरी सहा हजार धराच आणि त्यांच्या हातात द्या. घरच्या माणसाची मेहनत फुकट धरून लावलेला दर, ते माणूस एखाद्या दिवशी येऊ शकलं नाही की कोसळतो.

नातेवाइकांचं काय, हा प्रश्न हमखास येतो. "घरचंच तर कार्य आहे, तू काढशीलच की फोटो." माझं मत स्पष्ट आहे: सख्ख्या नात्यातल्या लग्नाला एक तर पाहुणी म्हणून जा, नाहीतर फोटोग्राफर म्हणून. दोन्ही एकदम जमत नाही. पाहुणी म्हणून जाणार असाल तर आपल्या विश्वासातल्या दुसऱ्या फोटोग्राफरचं नाव सुचवा आणि आहेर म्हणून अल्बमचा खर्च उचला. नातं टिकतं, आणि मुलांना आई त्या लग्नात पंगतीला शेजारी बसलेली मिळते.

६. करार : साधा पण लेखी

वकिलाचा भाषाबंबाळ कागद नको. मराठीत लिहिलेलं एक पान, दोघांच्या सह्या, आणि त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर. त्यात हे मुद्दे असू द्या:

- तारीख, कार्यालयाचं नाव, किती वाजता ते किती वाजेपर्यंत. त्यापुढे तासाला किती.
- कोणकोणते विधी: साखरपुडा, हळद, सीमांतपूजन, लग्न, रिसेप्शन. 'लग्न' एवढंच लिहिलं की आदल्या संध्याकाळची हळद त्यातच धरली जाते.
- किती फोटो एडिट करून मिळणार, अल्बमची पानं किती, डिझाइनमध्ये किती वेळा बदल. दोनदा मोफत, पुढे प्रत्येक वेळी पैसे, असं मी लिहिते.
- पैसे: बुकिंगला ३० टक्के, लग्नाच्या दिवशी ५०, अल्बम देताना २०. अल्बमसाठी फोटो निवडून द्यायला गिऱ्हाइकाला मुदत घाला, नाहीतर वर्षभर तुमचे २० टक्के अडकतात.
- फोटो कधी मिळणार. हंगामात ४५ दिवस, इतर वेळी ३०. तुम्हाला शक्य वाटतं त्याच्या दीडपट लिहा.
- तुम्ही आजारी पडलात किंवा घरी काही घडलं तर बदली फोटोग्राफर पाठवण्याचा हक्क.
- फोन घेण्याची वेळ: सकाळी १० ते संध्याकाळी ७.
- रात्री उशिरा काम संपणार असेल तर घरापर्यंत गाडीची जबाबदारी कुणाची. बायकांनी हा मुद्दा संकोच न करता लिहावा.

आणि एक कायद्याचा मुद्दा, जो बहुतेकांना माहीत नसतो. फोटो आपण काढला म्हणजे हक्क आपला, असं आपण धरून चालतो. पण १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कुणी पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ते काम देणारी व्यक्ती असते. म्हणजे नवरीचा फोटो तुमच्या पानावर टाकायचा असेल तर करारात तसं लिहून घेणं गरजेचं आहे. 'निवडक फोटो कामाचा नमुना म्हणून वापरायला परवानगी आहे / नाही' असे दोन पर्याय ठेवा आणि त्यांना खूण करू द्या. लहान मुलांच्या फोटोंसाठी मी दरवेळी वेगळं विचारते, करारात 'आहे' असलं तरी.

७. कार्याच्या दिवशी

आदल्या रात्री बॅटऱ्या चार्ज, कार्डं रिकामी, दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं एकाच वेळेवर. घड्याळं जुळली नसली तर दोन कॅमेऱ्यांचे फोटो क्रमाने लावताना अख्खी दुपार जाते.

कार्यालयात पोहोचलात की पहिल्यांदा गुरुजींना नमस्कार करून तीन गोष्टी विचारा : अंतरपाट कुठल्या बाजूला ओढणार, मंगलाष्टकं कितीजण म्हणणार, आणि कन्यादानाला वधू-वर कुठे तोंड करून बसणार. ही दोन मिनिटं फार मोलाची आहेत. शेवटच्या 'सावधान'नंतर अंतरपाट बाजूला होतो, ताशा-सनई एकदम सुरू होते, अक्षतांचा मारा होतो, आणि त्याच क्षणी पुढच्या रांगेतले सगळे हात मोबाइल घेऊन वर जातात. दोघं एकमेकांकडे पाहतात तो क्षण दोन-तीन सेकंदांचा असतो. मी शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं की बोहल्याच्या कडेला, मामांच्या मागे, गुडघ्यावर बसते. तिथून वधूचा चेहरा मिळतो आणि उंचावलेले मोबाइल फ्रेमच्या वर राहतात. सेकंड शूटर समोरून, वरच्या बाजूने. लेन्सला हूड असू द्या, अक्षतांचे दाणे थेट काचेवर येतात. हळदीला तर कॅमेऱ्यावर पातळ आवरण घालाच. बटणांच्या फटीत हळद आणि तेल गेलं की सहज निघत नाही.

कार्यालयातल्या एलईडी आणि ट्यूबच्या उजेडात फोटोवर आडवे पट्टे येतात, त्याचं कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवलं की पट्टे बहुधा जातात.

जेवायला बसा. पंगतीत यजमान आग्रह करतात तेव्हा आपण नंतर-नंतर म्हणतो आणि चार वाजता हात थरथरायला लागतात. सेकंड शूटरशी वेळ वाटून घ्या.

घरी संपर्काचंही ठरवून ठेवा. मंगलाष्टकांच्या तासात फोन बंद, त्यानंतर एक फोन. त्या तासात मुलाला ताप आला तर निर्णय कोण घेणार, डॉक्टरांचा नंबर कुठे लावलाय, रिक्षावाले काका कोण, हे फ्रिजवर लिहिलेलं असू द्या.

८. घरी आल्यावर : कार्ड आणि एडिटिंग

कितीही दमला असाल तरी झोपण्याआधी कार्डांतले फोटो हार्ड डिस्कवर उतरवायला लावा. कॉपी पूर्ण झाली की दहा-पंधरा फाइल उघडून बघा. सकाळी दुसऱ्या डिस्कवर प्रत. एक डिस्क घराबाहेर ठेवा, माहेरी किंवा भावाकडे, म्हणजे घरी चोरी झाली, पाणी शिरलं तरी फोटो वाचतात. अल्बम हातात देईपर्यंत एक संच कार्डांवरही असू द्या, कार्ड फॉरमॅट करायची घाई नको. कार्डांच्या डबीवर लग्नाचं नाव आणि तारीख चिकटवा. लहान मुलं असलेल्या घरात डबीची जागा कपाटात, कुलपात.

एडिटिंग रात्री मुलं झोपल्यावर करायची सवय जवळपास सगळ्यांना लागते. एखाद-दुसऱ्या दिवशी ठीक. पण संपूर्ण हंगाम तसा काढलात तर सकाळी डबे करताना चिडचिड होते, आणि रात्रीच्या पिवळ्या दिव्याखाली रंगही चुकतात. मुलं शाळेत असतात ते चार-पाच तास एडिटिंगसाठी राखून ठेवा आणि त्या वेळेत दारात आलेल्या कुरियरशिवाय कशासाठीही उठायचं नाही. घरी असलेलं माणूस मोकळंच असतं असा शेजाऱ्या-पाजाऱ्यांचा समज असतो. खोलीचं दार लावून घेतलं की तो हळूहळू जातो.

महिन्याला चारच्या वर लग्नं होऊ लागली की फोटो निवडण्याचं काम स्वतःकडे ठेवा आणि अल्बमचं डिझाइन बाहेर द्या. निवडीत तुमची नजर असते, पानांची मांडणी कुशल डिझायनर तुमच्यापेक्षा लवकर करतो.

९. घरच्यांशी बोलणं

वर कॅलेंडर, दर, करार सांगितले, पण ते पाळले जातात ते घरातल्या माणसांमुळे. सुरुवातीला माझ्या सासूबाईंना वाटायचं, रविवारी सकाळी सूनबाई घराबाहेर म्हणजे कसं. हिशोबाची वही त्यांच्यासमोर ठेवून वाचायला लागले तेव्हापासून लग्नाच्या दिवशी मुलांना उठवण्यापासून झोपवण्यापर्यंतचं त्या स्वतःहून घेतात, आणि आता कुठल्या गिऱ्हाइकाची बाकी राहिली हे माझ्याआधी त्यांना आठवतं. घरातल्यांना पैसे किती आले, सामानावर किती गेले, उरले किती हे दिसू द्या. आकडे दिसले की ते काम घराचं होतं.

मुलांशीही खरं बोला. "लवकर येते" म्हणू नका. घड्याळात दाखवून "तू झोपल्यावर येणार" सांगा. त्यांना खोटी वाट पाहायला लावण्यापेक्षा हे कितीतरी बरं. आणि हंगामात आठवड्यातला एक वार पूर्ण मोकळा ठेवा. लग्नं बहुधा शनिवार-रविवारी आणि मुहूर्ताच्या दिवशी येतात, म्हणून तो वार सोमवार किंवा मंगळवार असला तरी चालेल. त्या दिवशी शाळेच्या दारात तुम्ही उभे राहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: बदली. तुमच्याच ताकदीच्या, तुमच्याच तालुक्यातल्या किंवा शेजारच्या दोघा-तिघा फोटोग्राफरांशी तोंडी नाही, नीट बसून करार करा, की अडचणीत एकमेकांचं काम उचलायचं. आजारपण, अपघात, परीक्षा यांसाठी तर हे लागतंच. पण आपल्याकडे आणखी एक कारण आहे. घरात सुतक आलं तर अनेक यजमानांना आपण मंगलकार्यात नको असतो, आणि आपलंही मन तिथे नसतं. त्या वेळी यजमानांना आपण स्वतः फोन करून सांगायचं, बदली फोटोग्राफरचं काम आधीच दाखवायचं, आणि शूटचे पूर्ण पैसे त्याला द्यायचे. त्यात कमिशन कापू नका. उद्या त्याच्या घरी प्रसंग आला की तुम्हालाही तसंच जावं लागेल.

१०. चातुर्मासात काय करायचं

पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते, विशेषतः कोकणात आणि घाटमाथ्यावर. कापडी बॅगेत सामान बंद करून ठेवू नका. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान. सिलिका जेलचा रंग बदलला की तापवून सुकवा. आठवड्यातून एकदा सामान बाहेर काढून चार फोटो काढा.

या महिन्यांत जुन्या अल्बमांची बाकी वसूल करा, डिस्क तपासा, सामानाचा विमा काढला नसेल तर बिलांची फाइल घेऊन काढून टाका. श्रावणात मंगळागौरीची कामं येतात. ती संध्याकाळी सुरू होऊन रात्री लांबतात, पण गावातल्या गावात असतात. दिवाळीच्या आधी दुकानदारांना नव्या मालाचे फोटो हवे असतात, म्हणून त्यांना गणपतीच्या आधीच भेटा, नंतर ते गिऱ्हाइकांत बुडालेले असतात.

गौरी-गणपतीत काम घेऊ नका. नवरात्र सुरू झालं की बुकिंग झालेल्या प्रत्येक यजमानाला तारीख, वेळ आणि विधींची यादी पुन्हा पाठवून होकार घ्या. कार्यालय बदललेलं असतं, हळद आदल्या दिवशीवरून त्याच सकाळी आणलेली असते, आणि ते तुम्हाला कळवायचं राहून गेलेलं असतं. होकार आले की नवं कॅलेंडर विकत आणा आणि लाल पेन घेऊन मुलांना शेजारी बसवा. त्यांच्या शाळेच्या तारखा त्यांनाच लिहू द्या.